केसपेपरवर कुणाचं म्हणणं?

डॉक्टर : दवाखान्यांत पुरुषी वृत्ती मुरलेली आहे, हा आरोप हल्ली फार ऐकू येतो आणि मला तो पटत नाही. बायकांनी इतकं भरलेलं दुसरं एखादं क्षेत्र मला दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेचाच हिशेब आहे की जगभरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांत ७० टक्के स्त्रिया आहेत. आपल्याकडे नर्सिंग जवळजवळ सगळं तुमच्या हातात, आशा तर सगळ्या बायकाच. एमबीबीएसच्या वर्गात मुली मुलांच्या बरोबरीनं बसतात आणि स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मुलगा शोधावा लागतो. आनंदीबाई जोशींना डॉक्टर व्हायला १८८६ साली पेनसिल्व्हेनिया गाठावं लागलं होतं, हे खरं. पण त्याच वर्षी मुंबईत खास बायकांसाठी कामा रुग्णालय उघडलं आणि तेही एका स्त्री डॉक्टरच्या हाताखाली. तिथून आपण कुठल्या कुठे आलो आहोत. उद्धट सर्जन आहेत, मी नाकारत नाही. ते माझ्याशीही उद्धटच वागतात.

सिस्टर : आकडा तुम्ही अर्धाच सांगितलात, सर. संघटनेच्या २०१९ च्या त्याच अहवालात पुढे म्हटलंय की वरच्या पदांवर स्त्रिया २५ टक्के. पण मला खुर्च्यांचा हिशेब मांडायचा नाही. उद्या सगळ्या डीन बायका झाल्या तरी माझी तक्रार संपेलच असं नाही. माझा प्रश्न साधा आहे. दवाखान्यात कुणाचं म्हणणं माहिती म्हणून लिहून घेतात आणि कुणाचं म्हणणं कटकट म्हणून सोडून देतात? बाळंतपण होऊन तास झालाय, रात्रीचे दोन वाजलेत. सिस्टर फोन करते : ‘पेशंट पांढरी पडतेय, नाडी जोरात आहे, कपडे दोनदा बदलले.’ पलीकडून उत्तर येतं, ‘घाबरू नका सिस्टर, बीपी किती ते सांगा.’ बीपी उशिरा पडतं हे दोघांनाही माहीत असतं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात बाई दोन तासांत जाऊ शकते. पेशंटनं आधी सिस्टरला सांगितलेलं असतं की मला कसंतरी होतंय, सिस्टरनं डॉक्टरला सांगितलेलं असतं. दोन बायकांचं म्हणणं वाया गेलं, की मग मशीनवरचा आकडा बोलतो. तोपर्यंत रक्त आणायला धावाधाव.

डॉक्टर : तुम्ही वर्णन करताय ती उतरंड आहे. तिच्यात स्त्री-पुरुष कुठून आले? प्राध्यापक लेक्चररचं ऐकत नाही, लेक्चरर रेसिडेंटचं ऐकत नाही, रेसिडेंट इंटर्नला माणूससुद्धा समजत नाही. तिथे ब्रदर असता तरी त्याला हेच उत्तर मिळालं असतं. आणि फोनच्या पलीकडचा तो पोरगा छत्तीस तास जागा असतो. त्याच्या नावावर दोन वॉर्ड, एक कॅज्युअल्टी आणि एक चालू सिझेरियन असतं. त्याच्या मनात स्त्रीद्वेष शोधत बसण्यापेक्षा त्याला एक जोडीदार द्या, सहा तास झोप द्या. माझं म्हणणं असं, की दवाखान्यातल्या वाईट वागण्यातलं बहुतेक सगळं माणसांच्या तुटवड्यातून येतं. तुटवडा भरून काढा. मग काय उरतं ते पाहू आणि उरलंच तर त्याला तुमचं नाव देऊ.

सिस्टर : ब्रदरला हेच उत्तर मिळतं का, हे मी पाहिलंय. नेहमी मिळत नाही. बावीस वर्षांच्या ब्रदरला नातेवाईक पहिल्याच दिवशी ‘डॉक्टर’ म्हणतात आणि चाळीशीतल्या लेडी डॉक्टरनं तपासणी पूर्ण केल्यावर तिलाच विचारतात, ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ हा नातेवाइकांचा दोष झाला म्हणा. पण तुटवड्याचं म्हणता, तर तुमचाच तर्क तपासून बघू. लेबर रूम आणि शेजारचा पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, दोन्हींकडे गर्दी सारखीच. खाटा भरल्या की गाद्या जमिनीवर. हर्नियाचा पेशंट रात्रभर कण्हतो, आईवरून शिव्या देतो. त्याला ‘गप पड’ म्हणतात, फार तर कुणी डाफरतं. लेबर रूममध्ये मात्र बाई ओरडली की कुणीतरी म्हणतंच, ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ मी हे विदर्भात ऐकलं, मुंबईत ऐकलं, शब्दसुद्धा तेच, जणू कुणी पाठ करून घेतलेत. मांडीवर चापट बसते ती वेगळीच. गर्दीनं आवाज चढतो, हे मला मान्य आहे. पण आवाज चढल्यावर तोंडातून नेमकं काय बाहेर पडावं, हे गर्दी ठरवत नाही.

डॉक्टर : दारू पिऊन लिव्हर घालवलेल्या पुरुषाला आम्ही काय कमी बोलतो? ‘आता कशाला आलास, तेव्हा गुत्त्यावर मजा आली ना’ हे वाक्यही तितकंच पाठ आहे.

सिस्टर : आहे की. पण त्याला तुम्ही दारूबद्दल बोलता, जी त्यानं सोडावी म्हणून घरचेही सांगत होते. हिला कशाबद्दल बोलता? लग्न होऊन वर्ष उलटलं की सगळा गाव विचारतो, पाळणा कधी हलणार. सासू उपास करते. मूल झालं नाही तर तुमच्याच ओपीडीत तिला आधी उभं करतात, नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी. आणि जे सगळ्यांनी मागितलं ते ती द्यायला आली, की तिची लाज काढायची. दारुड्याला निदान त्याच्या चुकीची शिक्षा तरी होते. हिची चूक दाखवा.

डॉक्टर : बरं. पण एक विचारू? ते वाक्य म्हणतं कोण? मी लेबर रूममध्ये आयुष्य काढलंय. पुरुष डॉक्टर तिथे असतो तेव्हा बहुधा गप्प असतो, कारण त्याला भीती असते. बोलतात त्या सिस्टर, मावशी आणि हल्ली लेडी रेसिडेंट. म्हणजे पुरुषी वृत्तीचा हा सगळा कारखाना बायकाच चालवतात. मग त्याला पुरुषी म्हणण्यात काय अर्थ उरला? मला यात वर्ग दिसतो, जात दिसते. तीच बाई, त्याच कळा, पण तिनं खासगी दवाखान्यात चाळीस हजार भरलेले असले की कुणाची चापट मारायची हिंमत होत नाही. तिला ‘मॅडम, थोडं सहन करा’ म्हणतात. गरिबाला कुणीही मारतं. तुम्ही गरिबीच्या प्रश्नावर वेगळं लेबल लावताय आणि त्यामुळे औषधही चुकीचं देताय.

सिस्टर : बोलणाऱ्या आमच्याच असतात, हे शंभर टक्के खरं. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, म्हणून त्याचं मूळही मला दिसतं. पहिल्या वर्षाची मुलगी लेबर रूममध्ये येते तेव्हा पेशंटबरोबर रडते. दुसऱ्या वर्षी रडणं थांबतं. तिसऱ्या वर्षी ती ओरडायला लागते. मधल्या काळात काय झालं? राउंडला सर तिच्या अंगावर सर्वांदेखत फाइल फेकतात. रेसिडेंट तिच्या गणवेशावरून विनोद करतो आणि तिनं हसायचं असतं. पेशंटचा दीर तिचा फोटो काढतो. मेट्रन म्हणते, जास्त बोलू नकोस, नाव खराब होईल. या सगळ्या उतरंडीत तिच्या खाली कोण आहे? टेबलावर पाय बांधून झोपलेली एकटी बाई. आणि तुम्ही गरिबी म्हणालात, त्यातलं अर्धं मी घेते. पैसेवालीला चापट बसत नाही. पण तिच्या शरीरावर कमी हुकूम चालतात असं मात्र नाही. तिला कळा नीट सुरू होण्याआधीच सिझेरियनची तारीख मिळते. आणि जी ना सरकारी दवाखान्यात जाते ना मोठ्या हॉस्पिटलात, कर्ज काढून तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये येते, तिची पिशवी जाते. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. नीलम गोऱ्हे यांची समिती बसली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी तिशी-चाळिशीच्या आतल्या. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, म्हणून आल्या होत्या. जंतुसंसर्गाच्या गोळ्यांवर भागलं असतं तिथे ‘कॅन्सर होईल’ म्हणून सांगितलं गेलं.

डॉक्टर : पिशवीचा विषय काढलात ते बरं झालं, कारण इथे तुमची मांडणी अडचणीत येते. लोभी डॉक्टर होते, त्यांना शिक्षा व्हावी. ते बाजूला ठेवा. मी जे पाहिलं ते सांगतो. बाई येते, अठ्ठावीस-तीस वर्षांची, दोन-तीन मुलं, ऑपरेशन झालेलं. ती स्वतः म्हणते, ‘काढून टाका एकदाची.’ पाळी आली की फडात खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीतून कापतात, पाणी नाही, संडास नाही, पहाटे तीनला कोयता घेऊन उभं राहायचं. तिचा हिशेब पक्का आहे. मी तिला समजावतो, बीजकोषांचं सांगतो, हाडं ठिसूळ होतील म्हणतो. ती ऐकून घेते आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याकडे जाते. आता तुम्ही सांगा. बाईचं म्हणणं ऐका, असा तुमचा आग्रह. ती तर स्पष्ट बोलतेय. मी नाही म्हटलं तर मी तिचा बाप होऊन बसलो. हो म्हटलं तर समितीच्या अहवालातला आरोपी. तुमच्या तत्त्वानं मी काय करू?

सिस्टर : याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. बीडमध्ये मग सिव्हिल सर्जनच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असा नियम आला. आकडा खाली आला असेल, पण त्यातही बाईच्या शरीराची परवानगी देणारा आणखी एक साहेबच वाढला, हे मला दिसतं. तरी एक सांगते. ऐकणं म्हणजे तिचं शेवटचं वाक्य उचलून ऑपरेशनची तारीख देणं नाही. ती ‘काढून टाका’ म्हणते त्याच्या आधी चार वाक्यं असतात आणि ती विचारल्याशिवाय बाई बोलत नाही. पांढरं कधीपासून जातंय, नवऱ्यालाही काही त्रास आहे का, त्याला औषध दिलं का. संसर्ग दोघांचा असतो, गोळ्या एकटीला मिळतात, महिन्यानं तो पुन्हा होतो आणि ‘हिला गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणून पिशवी. नवऱ्याला औषध न देणं हा काही लोभ नव्हे, त्यात डॉक्टरला एक पैसाही जास्त मिळत नाही. ते सुचतच नाही, इतकंच. कुटुंबनियोजनाचं तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात नसबंदी केलेल्या स्त्रिया ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के. बिनटाका पुरुष नसबंदीत पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. पण आमच्या एएनएम घरी जातात तेव्हा पुरुषापुढे हा विषय काढतच नाहीत. त्यांना स्वतःलाच वाटतं की त्याला कमजोरी येईल, त्याला जड कामं करायची असतात. आणि ऊसतोडीला बाई काय हलकं काम करते?

डॉक्टर : ०.३ टक्के हा आरोग्य कर्मचाऱ्यांचा आकडा आहे की समाजाचा? तुम्ही समाजाचं माप आमच्या पदरात घालताय. दिल्लीच्या एम्सच्या ओपीडीतल्या २०१६ च्या नोंदींचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लाखो पेशंट. एका स्त्रीमागे पुरुष १.६९. आणि गाव जितकं लांब तितक्या बायका कमी. म्हणजे पुरुषाला बिहारहून दिल्लीला आणतात, बाईला आणत नाहीत. यात एम्सच्या डॉक्टरची काय मनोवृत्ती? त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही. किडनीचं बघा. जिवंतपणी देणाऱ्यांत आई, बायको, बहीण जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. सर्जननं तर आणून दिलेल्या माणसाची काढायची आणि आणून दिलेल्या माणसाला बसवायची. आम्ही नदीच्या मुखाशी उभे आहोत, सिस्टर, उगमाशी नाही.

सिस्टर : देणाऱ्या बाईला एकटीला खोलीत बसवून ‘तुला खरंच द्यायची आहे का’ असं विचारायची जबाबदारी कुणाची? उगमाशी उभ्या असलेल्यांची की तुमची? तुम्ही ज्याला समाज म्हणता तो दारातून आत येतो आणि तुमच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसतो. प्रश्न तुम्ही बाईला विचारता, उत्तर नवरा देतो आणि केसपेपरवर लिहिलं जातं ते नवऱ्याचं. इथेच तुमचा संबंध सुरू होतो. गर्भपाताचं घ्या. १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईच्या एकटीच्या संमतीशिवाय आणखी कुणाचीही संमती लागत नाही. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. २०२१ ला कायदा सुधारला, २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही तोच हक्क आहे असं बजावलं. आणि तुमच्या फॉर्मवर, सर, नवऱ्याच्या सहीसाठी ओळ छापलेली आहे.

डॉक्टर : आहे. आणि ती का आहे तेही ऐका, कारण तुम्हाला वाटतं त्यात माझं स्त्रीविषयीचं मत दडलंय. त्यात माझी भीती दडलीय. बाई एकटी आली, मी कायद्यानं सगळं बरोबर केलं, कुठे रक्तस्राव झाला, कुठे काही झालं नाही तरी चार दिवसांनी घरी कळलं. मग जीप भरून माणसं येतात. ‘आम्हाला न विचारता पोटातलं मूल मारलं.’ काच फुटते, कंपाउंडरला मारतात, माझ्या बायकोला घराबाहेर ओढतात. २०१० पासून महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, ५० हजारांपर्यंत दंड. जीप आली त्या रात्री तो कायदा फाटकाशी उभा नव्हता. तो कागद, नवऱ्याची ती सही, हीच माझी ढाल. उद्या मी ती ओळ खोडली तर धोका माझा. तुमच्या शिबिरांत टाळ्या घेणारे कुणी त्या रात्री येणार नाहीत.

(दोघांचं बोलणं इथवर लिहिल्यावर मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. डॉक्टर ज्या जमावाला घाबरतात त्यात ती बाई नसते, तिच्या जावा-नणंदाही बहुधा नसतात. घरात जे तिच्या वतीनं बोलतात तेच जीपमधून येतात. म्हणजे डॉक्टरही त्याच माणसांच्या धाकात आहे. फरक इतकाच, की आपला धाक त्याला एका छापील ओळीतून तिच्याकडे सरकवता येतो. तिला तो कुणाकडे सरकवता येत नाही.)

सिस्टर : तुमची भीती खोटी नाही. मी ती काच फुटताना ऐकलेली आहे. पण ढाल कशाची बनवली ते बघा. तिच्या संमतीची किंमत शून्य ठरवून ती बनवली. नवरा मारतो म्हणून जिला मूल नकोय, नवरा परगावी आहे आणि दिवस भरत चाललेत, जिला नवराच नाही, अशा सगळ्या तुमच्या दारातून परत जातात. त्या कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे, कारण अर्धवट झालेलं घेऊन आठवड्यानं सिव्हिल हॉस्पिटलला येतात. धोका गेला नाही. तुमच्याकडून उचलून तिच्याकडे ठेवला, इतकंच.

डॉक्टर : उत्तर देत नाही. पुढे बोला.

सिस्टर : बाईचं रक्षण म्हणून जे जे करतात त्यात हेच होतं. कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात ऑगस्ट २०२४ मध्ये ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. सगळा देश हादरला. आणि राज्य सरकारनं काढलेल्या उपायांत एक काय होता? शक्य तिथे बायकांना रात्रपाळी देऊ नका. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बायका सवलत मागत नाहीत, सुरक्षितता द्या. आणि आमच्यात रात्रपाळीचा विषय निघाला की प्रत्येकीला नर्स अरुणा शानबाग आठवते. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात वॉर्ड सफाई करणाऱ्यानं तिच्यावर हल्ला केला. त्याला शिक्षा झाली ती चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची. बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. ती २०१५ पर्यंत तिथेच पडून होती आणि चार दशकांहून अधिक काळ तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं, एकीकडून दुसरीकडे, ज्या तिला ओळखतही नव्हत्या त्यांनी. प्रश्न बदनामीचा म्हणून मिटवायचा आणि त्याचं ओझं बायकांनी शिफ्ट लावून उचलायचं, हे त्या एका खाटेवर सगळं होतं.

डॉक्टर : इथे मी तुमच्याशी भांडणार नाही. पण न्यायाचं बोलताय तर दुसरी बाजूही ठेवा. एम्समध्ये २०१९ पासून नर्सिंगच्या ८० टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवायचं ठरलं. शिकून आलेल्या ब्रदरनं काय करायचं? लेबर रूममध्ये आमच्या एमबीबीएसच्या मुलांना पेशंटच नको म्हणते आणि तुमच्या सिस्टर त्यांना बाहेर घालवतात. तो मुलगा पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रावर एकटा मेडिकल ऑफिसर होतो आणि त्याला नॉर्मल बाळंतपण करता येत नाही. सेवा करणं हा बाईचाच स्वभाव, ही समजूत तुमच्या व्यवसायानंही पोसली आहे. मनोवृत्ती फक्त आमचीच तपासायची का?

सिस्टर : नाही, आमचीही तपासा. सेवाभावी म्हणून आमची पूजा करायची आणि त्याच नावाखाली आशाताईला पगाराऐवजी मानधनावर राबवायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं चालवून घेतलं. आशांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा पुरस्कार मिळाला. त्यांना कामगाराचा दर्जा मात्र नाही, त्या अजून स्वयंसेविका. बायकांचं काम म्हणून ते स्वस्त पडतं. ब्रदरवर जो अन्याय होतो तो याच झाडाचं फळ आहे.

डॉक्टर : मग उपाय सांगा. प्रशिक्षण? पुस्तकं बदलणं? तेही पाहिलं. कौमार्यचाचणीची दोन बोटांची पद्धत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवमानकारक ठरवली. २०१४ ला आरोग्य मंत्रालयानं मनाई करणाऱ्या सूचना दिल्या. आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. एकच गोष्ट तीनदा. सेवाग्रामच्या एका न्यायवैद्यक शिक्षकाच्या पाठपुराव्यानंतर २०१९ ला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं कौमार्याच्या खुणांचा धडा अभ्यासक्रमातून काढला. आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात तो विषय परत आला, आरडाओरडा झाल्यावर आठवड्याभरात मागे घेतला. म्हणजे नियम कागदावर लिहिला की मनात उतरतो, हा भ्रम आहे. आणि मन मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्यावर प्रशिक्षणाचा पैसा घालवण्यापेक्षा मी दोन जास्त सिस्टर मागेन.

सिस्टर : तो धडा दशकानुदशकं शिकवला गेला, परीक्षेत मार्क मिळत होते, म्हणून डॉक्टर ती चाचणी विज्ञान समजून करत होते. मन आपोआप तसं झालं नव्हतं, घडवलेलं होतं. जे शिकवून घडतं ते शिकवून मोडतंही, फक्त तितकाच वेळ लागतो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र काढलं. आधी ‘जिन्यावरून पडले’ असं लिहून टाके घालून पाठवत, तिथे कर्मचारी ‘घरी कुणी मारतं का’ असं विचारायला शिकले. पुढे मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांतही ते सुरू झालं. मन बदललं की नाही मला माहीत नाही. प्रश्न विचारला गेला, एवढं नक्की. आणि मोजता येत नाही म्हणता, तर कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये १३ लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या, २०२२ ला छापून आल्या. पुरुष सर्जनकडे ऑपरेशन झालेल्या बायकांना गुंतागुंत किंवा मृत्यूचा धोका स्त्री सर्जनकडच्या बायकांपेक्षा जास्त निघाला. पुरुष पेशंटांत तो फरक दिसला नाही.

डॉक्टर : नोंदींवरून कारण कळत नाही. अवघड केसेस ज्येष्ठांकडे जातात, ज्येष्ठ बहुतेक पुरुष.

सिस्टर : त्यांनी पेशंटचं वय, आजार, सर्जनचा अनुभव हे सगळं धरून हिशेब केला होता. कारण कळत नाही हे मात्र खरं. कदाचित सर्जनचा हात सारखाच चालत असेल. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बाई म्हणते पोट जास्त दुखतंय आणि कुणीतरी म्हणतं बायकांना सहन होत नाही, तिथे तो फरक पडत असेल. छातीत धडधडतंय, मळमळतंय, पाठ दुखतेय म्हणणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईला ‘टेन्शन घेऊ नका, गॅस आहे’ म्हणून पाठवतात आणि तिच्या नवऱ्याचा त्याच तक्रारीवर ईसीजी निघतो. मला त्या माणसाचं मन बदलायचंच आहे असं नाही, सर. मला तो ईसीजी निघायला हवाय. सिस्टरनं फोन केला ती वेळ आणि डॉक्टर आले ती वेळ, दोन्ही केसपेपरवर हव्यात. ओपीडीत पहिली पाच मिनिटं बाई एकटी हवी. बाळंतपणात सोबतीला बाई ठेवायची परवानगी केंद्रानं २०१६ लाच दिलीय, ती दारावर अडवायला नको.

डॉक्टर : वेळा लिहायला लावल्या की वेळा खोट्या लिहिल्या जातील. तुम्हालाही माहीत आहे. आणि पाच मिनिटं नवऱ्याला बाहेर बसवलं तर पहिल्या महिन्यात माझी ओपीडी निम्मी होईल, ते शेजारच्या दवाखान्यात जातील, जिथे नवऱ्याला आत बसू देतात. तरी ते मी करून बघेन. ईसीजीचं मान्य, त्यात माझं काही जात नाही. सहीची ओळ मात्र मी काढणार नाही. निदान आज नाही.

सिस्टर : मग ठेवा. पण एक वही करा. नवऱ्याची सही नाही म्हणून ज्या परत गेल्या त्यांची, नाव नको, नुसतं वय आणि किती आठवडे ते. वर्षानं आपण दोघं बसून ती वाचू आणि मग ढाल कुणाला किती महाग पडली ते बोलू. गर्भपाताच्या कायद्यानं ठेवायला लावलेल्या रजिस्टरात दाखल झालेल्या बायकांची नोंद होते. परत पाठवलेल्यांची होत नाही.